लिफ्टखालचं पाणी

आमच्या इमारतीतल्या लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साठतं, हे मला सोसायटीचा सेक्रेटरी झाल्यावर कळलं. त्याआधी एकवीस वर्षं मी त्याच लिफ्टनं वरखाली करत होतो. पावसाळ्याच्या तोंडावर मेकॅनिकनं लिफ्ट वर नेऊन ठेवली, तळमजल्याचं दार चावीनं उघडलं, खाली टॉर्च मारला आणि म्हणाला, "साहेब, गप्पी मासे सोडा. डास तरी होणार नाहीत."

मग दर दोन-तीन महिन्यांनी एक ठरलेला विधी सुरू झाला. वॉचमनकाका सबमर्सिबल पंप आणायचे, पाइपाचं तोंड आवारातल्या गटारावर धरायचे, अर्ध्या तासात खड्डा उपसून व्हायचा. मेकॅनिक रजिस्टरात 'पिट साफ केला' असं लिहायचा आणि मी सही करायचो. चार वर्षांत अशा वीसेक सह्या झाल्या.

गेल्या डिसेंबरात माझी भाची आली. ती न्यू जर्सीत राहते आणि इमारतींमधल्या पाण्याच्या, सांडपाण्याच्या नळांची आखणी करते. नेमकी ती आली त्या दिवशी उपसा चालू होता. बॅग तशीच हातात धरून ती दारात उभी राहिली.

"मामा, हे पाणी सोडता कुठे?"

"गटारात."

"कुठल्या गटारात? पावसाच्या की मैल्याच्या?"

मी वॉचमनकाकांकडे पाहिलं. काकांनी गटाराकडे पाहिलं.

"बरं, आणि येतं कुठून?"

त्याचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. ती हसली. "तिकडे याच दोन प्रश्नांवर मी पाच महिने कागद लिहिले. एका लिफ्टच्या खड्ड्यासाठी प्लंबिंगच्या नियमातला अपवाद मागायचा होता."

खड्ड्यातल्या पाण्यासाठी पाच महिने? मला आधी गंमत वाटली. रात्री जेवणं झाल्यावर तिनं लॅपटॉप उघडला आणि नकाशे दाखवायला सुरुवात केली. इमारतीचं नाव तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एवढंच कळलं, की ती न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, हडसन नदीकाठच्या यॉंकर्स गावाच्या बाजूला आहे.

*

लिफ्टच्या दृष्टीनं यॉंकर्स म्हणजे जन्मगाव. एलिशा ओटिस यानं १८५३ मध्ये तिथेच लिफ्टचा कारखाना काढला. दोर तुटला तरी पाळणा खाली कोसळू नये, अशी पकड त्यानं बसवली होती. न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात तो स्वतः पाळण्यावर उभा राहिला, वरचा दोर तोडायला लावला आणि लोकांच्या देखत अधांतरी थांबून दाखवलं. २३ मार्च १८५७ रोजी ब्रॉडवेवरच्या हॉवाउट इमारतीत त्याची माणसांसाठीची लिफ्ट सुरू झाली. यॉंकर्समधल्या ओटिसच्या जुन्या इमारतीत आता गावाचं सार्वजनिक वाचनालय आहे.

लिफ्ट पडू नये, यासाठी माणसानं पावणेदोनशे वर्षं डोकं चालवलं. लिफ्टच्या खाली काय असतं, याकडे मात्र बसणाऱ्याचं लक्ष कधी जात नाही. शेवटच्या मजल्याच्याही खाली चार-पाच फुटांचा खड्डा असतो. मार्गदर्शक रूळ तिथे संपतात, धक्का झेलणारे बफर तिथे असतात, आणि खाली उतरलेल्या मेकॅनिकवर पाळणा चुकून आलाच तर त्याला अंग चोरून बसायला जागा मिळावी, हाही त्या खोलीचा हेतू. आपल्याकडची राष्ट्रीय इमारत संहिता सांगते, की हा खड्डा कोरडा आणि स्वच्छ ठेवावा आणि गरज असेल तिथे पाण्याच्या कायमच्या निचऱ्याची सोय करावी.

गरज जवळपास सगळीकडेच असते. खड्डा हा इमारतीतला सगळ्यात खालचा कोपरा, म्हणून सगळीकडचं पाणी त्याच्याकडे वाट काढतं. जमिनीतलं पाणी काँक्रीटच्या सांध्यातून झिरपतं. शेजारच्या टाकीतून पाझर येतो. आग लागली तर फवाऱ्यांचं आणि अग्निशामकांच्या पाइपांचं पाणी मजल्यांवरून वाहत शाफ्टमध्ये उतरतं.

मग एक नळ टाकून ते थेट गटारात सोडलं तर काय बिघडलं? इथून नियम सुरू होतात.

*

अमेरिकेत लिफ्टची संहिता वेगळी आणि प्लंबिंगची वेगळी. लिफ्टची संहिता यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेची. एएसएमई ए-१७.१ हे तिचं नाव आणि पहिली आवृत्ती १९२१ ची. ती बजावते, की खड्ड्यातली मोरी मैल्याच्या नळाला थेट जोडायची नाही. एक कारण सरळ आहे: बाहेरचं गटार तुंबलं तर मैला उलटा खड्ड्यात येईल. दुसरं कारण जरा खोलात जाऊन पाहावं लागतं. घरातल्या मोरीखाली नळाला वाक असतो, त्यात पाणी साठून राहतं आणि गटारातला वायू अडतो. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी रोज येत नाही. मग वाकातलं पाणी सुकतं आणि वायूला दार उघडं मिळतं. त्यात लिफ्टचा पाळणा शाफ्टमध्ये पिचकारीच्या दट्ट्यासारखा हलतो. वर जाताना तो खालची हवा ओढतो आणि प्रत्येक मजल्यावर थोडी थोडी वाटतो. गटारातला वायू घरोघर पोचवायला याहून चांगलं यंत्र शोधून सापडायचं नाही. म्हणून खड्ड्यातलं पाणी पंपानं उचलायचं आणि नळाचं तोंड पुढच्या कुंडीच्या वर अधांतरी सोडायचं. मधली मोकळी हवा नळाच्या व्यासाच्या किमान दुप्पट हवी.

तीच संहिता पुढे म्हणते, की आगीत अग्निशामकांना वापरता येईल अशी सोय ज्या लिफ्टला आहे, तिच्या खड्ड्यात मोरी किंवा पंप हवाच, आणि त्यानं तासाला ३,००० गॅलन पाणी काढलं पाहिजे. म्हणजे सुमारे ११,४०० लिटर. आपल्या सोसायट्यांत मे महिन्यात येतो तसा एक भरलेला टँकर, दर तासाला. कारण उघड आहे. वर आग विझवताना ओतलेलं पाणी खाली साठलं आणि लिफ्ट बंद पडली, तर वीस मजले चढून आलेल्या जवानाचा परतीचा रस्ता गेला.

इथपर्यंत सगळं एका बाजूला ओढणारं: पाणी काढा, लवकर काढा, थांबू नका.

आता तेल. कमी मजल्यांच्या असंख्य अमेरिकी इमारतींत लिफ्ट दोरावर चालत नाही. जमिनीतल्या किंवा खड्ड्यातल्या नळकांड्यात तेल दाबून पाळणा वर ढकलला जातो. या हायड्रॉलिक लिफ्टचं सील झिजलं, जोड सैल झाला की तेल खड्ड्यात उतरतं आणि पाण्यावर तरंगतं. पंप पाण्याला ओळखत नाही, तेलालाही नाही. येईल ते तो गटारात ढकलतो. न्यूयॉर्क शहराचं उदाहरण घ्या. तिथल्या बऱ्याच भागात मैला आणि पावसाचं पाणी एकाच वाहिनीत आहे. मुसळधार पावसात शुद्धीकरण केंद्रांना भार पेलला नाही, की हे मिश्रण प्रक्रियेविना नदीत आणि खाडीत जातं. १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्याखाली अमेरिकेत एक फार साधी कसोटी आहे: पाण्यावर तेलाचा चकचकीत पापुद्रा दिसला, तर ते प्रदूषण. मोजमापाचं यंत्र लागत नाही, डोळे पुरतात.

म्हणून प्लंबिंगची संहिता मध्ये पडते. न्यूयॉर्क राज्य ज्या 'इंटरनॅशनल प्लंबिंग कोड'वर आपले नियम बेततं, त्यात गॅरेज, गाड्या धुण्याच्या जागा आणि कारखाने यांच्याच ओळीत हायड्रॉलिक लिफ्टचा खड्डा बसवला आहे. या सगळ्यांना ऑइल सेपरेटर हवा. सेपरेटर म्हणजे एक बंद टाकी. पाणी तिच्यात संथ होतं, तेल वर येऊन थांबतं, खालचं पाणी पुढे जातं. तिची खोली बाहेर जाणाऱ्या नळाच्या तळापासून किमान दोन फूट खाली असली पाहिजे आणि बाहेरच्या तोंडाशी अठरा इंचांचा पाण्याचा अडसर हवा.

"आता हे बघ," भाची म्हणाली आणि तळघराचा काटछेद मोठा केला. खड्ड्याच्या बाजूला बुटकं तळघर. तळघराखाली खडक. टाकी खड्ड्यात ठेवता येत नाही, कारण लिफ्टशी संबंध नसलेलं काहीही शाफ्टमध्ये ठेवायला लिफ्टची संहिता मनाई करते. खड्ड्याबाहेर ठेवायची तर खडक फोडायचा, तोही जुन्या पायाला खेटून.

"म्हणजे नियम पाळायला इमारतीचा पाया हलवायचा?"

"म्हणूनच अपवाद मागायचा."

*

अपवाद हा शब्द ऐकला, की आपल्याला एक विशिष्ट वास येतो. मुंबईत बांधकामाच्या कुठल्याही कार्यालयात 'कन्सेशन' हा शब्द दिवसातून शंभरदा उच्चारला जातो. इमारतीभोवतीची मोकळी जागा कमी पडते, मग अडचण मांडायची, प्रीमियम भरायचा आणि सूट घ्यायची. हे सगळं कायद्यात बसतं, त्यात लपवाछपवी नाही. फक्त चर्चा ऐकली तर ती प्रीमियम किती बसला याचीच असते. ती मोकळी जागा अग्निशमनाच्या गाडीसाठी होती की उजेडासाठी, हे बोलण्यात येत नाही.

भाचीच्या अर्जाची पहिली ओळ मी वाचली तेव्हा मला हाच फरक जाणवला. खडक आहे, खर्च येतो, जागा नाही, हे सगळं तिसऱ्या पानावर होतं. पहिल्या पानावर नियमाचा हेतू लिहिला होता: तेल गटारात जाऊ नये. त्याखाली, आम्ही सेपरेटर बसवला नाही तरी तेल गटारात कसं जाणार नाही, याचा खुलासा.

"असंच लिहावं लागतं," ती म्हणाली. अमेरिकी नमुना संहितेत अधिकाऱ्याला एखाद्या प्रकरणापुरता नियमात बदल मान्य करता येतो. पण तीन गोष्टी पटल्या तर: शब्दशः पालन खरोखरच अव्यवहार्य आहे, नियमाचा हेतू साधला जातो, आणि आरोग्य व सुरक्षितता कमी होत नाही. त्याच्या निर्णयावर अपिलाचं मंडळ असतं, पण मंडळाचे हातही बांधलेले. अर्थ चुकीचा लावला गेला, नियम इथे पूर्ण लागू होत नाही, किंवा सुचवलेला पर्याय तितकाच किंवा अधिक चांगला आहे, एवढ्याच कारणांवर दाद मागता येते. नियम माफ करण्याचा अधिकार मंडळाला नाही, असं संहितेतच छापलेलं आहे. न्यूयॉर्क राज्यात अशा विनंत्यांसाठी विभागवार पुनरावलोकन मंडळं आहेत.

भाचीचं प्रकरण मंडळापर्यंत जाण्याची गरज नव्हती, कारण अपवाद संहितेतच होता. दोन वाक्यांचा. हायड्रॉलिक लिफ्टच्या खड्ड्याला मान्यताप्राप्त इशारा-यंत्रणा बसवली असेल तर सेपरेटर नको, हे पहिलं वाक्य. त्या यंत्रणेनं अग्निशामकांसाठी लिफ्ट चालू ठेवणारा पंप बंद पाडता कामा नये, हे दुसरं.

पाच महिने गेले ते दुसऱ्या वाक्यात.

बाजारात मिळणारी यंत्रणा साधी आहे. खड्ड्यातल्या कुंडीत दोन सळया असतात. पाण्यातून वीज जाते, तेलातून जात नाही. सळयांना पाणी लागलं तर पंप चालतो, तेल लागलं तर पंप थांबतो आणि भोंगा वाजतो. नदीच्या दृष्टीनं हे उत्तम. पण आग लागलेली आहे, वरून पाण्याचे लोट येताहेत, त्यात कुठून तरी थोडं तेल आलं आणि पंप थांबला, तर? लिफ्टची संहिता तासाला टँकरभर पाणी काढायला सांगते आणि प्लंबिंगचं यंत्र म्हणतं, मी थांबलो. तपासणी अधिकाऱ्यानं नकाशावर नेमकं तिथेच बोट ठेवलं: तुमचा पंप तेल पाहून थांबतो, दुसरं वाक्य वाचा.

"मग थांबवू नका."

"मग तेल गटारात जातं, आणि पहिलं वाक्य कशासाठी होतं?"

चार फुटांच्या खड्ड्यात दोन जिवांची राखण करणारे नियम आमनेसामने उभे होते. एकाला जवान वाचवायचा होता, दुसऱ्याला हडसन. दोघंही बरोबर.

तिनं काढलेला तोडगा असा. रोजच्या दिवसांत तेल दिसलं की पंप थांबेल आणि इशारा तळघरात नुसता वाजत न बसता पहाऱ्यावरच्या माणसाच्या टेबलावर पोचेल. आगीची सूचना येऊन लिफ्ट अग्निशामकांच्या ताब्यात गेली, की त्याच क्षणी तेलाची अट बाजूला पडेल आणि पंप चालतच राहील. नळाचं तोंड पुढच्या कुंडीवर अधांतरी आहेच. आग विझल्यावर खड्ड्यातल्या कुंडीत जे तेल राहील ते परवानाधारक माणसाकडून उचललं जाईल आणि त्याची नोंद राहील. हे सगळं प्रत्यक्ष चालतं हे दाखवायला लिफ्टवाला आणि प्लंबर दोघंही एका वेळी हजर हवेत, कारण प्लंबरला एकट्यानं शाफ्टमध्ये उतरता येत नाही आणि लिफ्टवाला पंपाला हात लावत नाही. दोघांच्या संघटना वेगळ्या. लिफ्ट-कामगारांची १९०१ ची, प्लंबरांची १८८९ ची. दोघांची तारीख जुळवण्यातच सहा आठवडे गेले.

मंजुरी मिळाली. तिला जोडलेल्या अटी मूळ नियमापेक्षा लांब होत्या. ठरावीक काळानं चाचणी, प्रत्येक चाचणीची नोंद, आणि लिफ्टचं तेल किंवा पद्धत बदलली तर नवा अर्ज. "टाकी बसवली असती तर तिच्याकडे पुन्हा कुणी पाहिलं नसतं," ती म्हणाली. "अपवाद घेतला की आयुष्यभर लक्ष ठेवावं लागतं."

*

एवढा खटाटोप कशाला, असं ज्याला वाटेल त्यानं काही तारखा लक्षात ठेवाव्यात.

२९ ऑक्टोबर २०१२ रोजी सँडी वादळाचं पाणी न्यूयॉर्कमध्ये घुसलं. शहराच्या सार्वजनिक घरकुलांतल्या सुमारे ४०० इमारतींत वीज, उष्णता, लिफ्ट यांतलं काही ना काही बंद पडलं आणि सुमारे ८०,००० रहिवाशांना झळ बसली. वरच्या मजल्यांवरची म्हातारी माणसं अंधाऱ्या जिन्यांच्या टोकाला अडकली.

७ ऑगस्ट २०१८ रोजी टोरांटोत दोघं जण पावसात आपली गाडी पाहायला तळघराच्या दिशेनं लिफ्टनं निघाले. पाळणा पाण्यात उतरला. पोलिसांनी दार फोडलं तेव्हा पाणी त्यांच्या गळ्यापर्यंत होतं.

४ जानेवारी २०२० रोजी तेल अवीवमध्ये एक तरुण जोडपं अशाच तळघरात, लिफ्टमध्ये बुडून गेलं.

आणि त्याच वर्षी सप्टेंबरात, मुंबई सेंट्रलच्या एका उंच इमारतीत, तळघरात पावसाचं पाणी भरलेलं असताना लिफ्ट खाली गेली. आत दोन सुरक्षारक्षक होते. दोघंही वाचले नाहीत.

लिफ्टला पाणी दिसत नाही, हे या शेवटच्या तिन्ही घटनांमागचं साधं कारण. बटण दाबलं की ती जाते. काही लिफ्ट तर वीज गेल्यावर बॅटरीवर आपोआप सगळ्यात खालच्या मजल्यावर उतरतात. आगीच्या वेळी, वीज गेल्यावर ही सोय देवासारखी, पुरात मात्र तीच सापळा. म्हणून अमेरिकेतल्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेची, फेमाची, पूरक्षेत्रातल्या लिफ्टसाठी एक तांत्रिक पुस्तिका आहे. ती सुचवते, की खड्ड्यात तरंगता खटका बसवावा. पाण्यानं तो उचलला गेला, की पाळणा पाण्यात उतरणार नाही. आपल्या गच्चीवरच्या टाकीत असतो तसलाच फ्लोट. टाकी भरून वाहू नये म्हणून तो आपण घराघरात बसवतो. माणूस बुडू नये म्हणून खड्ड्यात बसवायचं मात्र सहसा कुणाला सुचत नाही.

महाराष्ट्रात १९३९ च्या जुन्या लिफ्ट कायद्याच्या जागी २०१७ चा कायदा आला आहे. त्यात परवाने आहेत, तपासण्या आहेत. पण तपासणीच्या दिवशी खड्डा कोरडा असतो. आदल्या दिवशीच उपसलेला असतो. आमचाही असायचा. त्या सह्या माझ्याच.

*

भाची जायच्या आदल्या दिवशी तिनं वॉचमनकाकांना बोलावलं. सेक्रेटरी म्हणून मी खुर्चीत बसलो होतो, काका उभे होते. ती उठून त्यांच्या शेजारी उभी राहिली.

"काका, खड्ड्यात पाणी कधी नसतं?"

मी चार वर्षांत विचारला नव्हता असा हा प्रश्न. पाणी कधी असतं हे आम्हाला पाठ होतं. काकांनी क्षणभर विचार केला.

"टाकी धुतो ना ताई, त्या आठवड्यात नसतं."

मेकॅनिककडून खड्डा कोरडा करून घेतला आणि त्यानं भिंतीवर ऑइल पेंटनं इंचांच्या रेघा मारल्या. जमिनीखालची टाकी दोन दिवस रिकामी ठेवली, सोसायटीनं बोंब मारली, टँकर मागवला. खड्डा दोन्ही दिवस कोरडा राहिला. तिसऱ्या दिवशी टाकी भरली आणि त्याच्या पुढच्या सकाळी पाणी पहिल्या रेघेवर होतं. चार वर्षं आम्ही नगरपालिकेचं पिण्याचं पाणी खड्ड्यातून उपसून गटारात सोडत होतो आणि त्याच्या विजेचं बिलही भरत होतो. लिफ्टलगतच्या भिंतीत टाकीला बारीक चीर होती. ती बुजवायला तीन दिवस लागले. टाकी धुतली की खड्डा कोरडा राहतो, हे काकांना पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

त्यानंतर दोन कामं केली. खड्ड्यात फ्लोट बसवून घेतला. पाणी ठरावीक रेघेवर गेलं की लिफ्ट पहिल्या मजल्याखाली येत नाही. आणि रजिस्टरात एक रकाना वाढवला. आता मेकॅनिक पाण्याची रेघ वाचतो आणि काका त्यापुढे आपल्या अक्षरात लिहितात. मार्चमध्ये 'कोरडा', एप्रिलमध्ये 'कोरडा', मेमध्ये 'कोरडा'. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली नोंद अशी आहे: 'दोन इंच. पावसाचं. दक्षिणेकडचा कोपरा. उपसून पावसाच्या गटारात सोडलं. तेल नाही, बोट घालून पाहिलं.'

त्या नोंदीचा फोटो मी भाचीला पाठवला. तिकडून प्रश्न आला: "मामा, खड्ड्यात बोट घालायला काकांना कुणी सांगितलं?"

मी काकांना विचारलं. "मेकॅनिकनं बादलीत काढून दिलं होतं, साहेब," काका म्हणाले. "मी कशाला उतरू? ताईंनी सांगून ठेवलंय."